पॅडल शिफ्टर वापरायचे असतात की शोभेसाठी असतात?

निवांतप्रवासी

नमस्कार मंडळी. बारा वर्षे क्लच दाबल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदाच ऑटोमॅटिक गाडी घेतली. टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, स्टिअरिंगच्या मागे ‘अधिक’ आणि ‘उणे’ अशी दोन पॅडल, आणि लिव्हर बाजूला सरकवला की पूर्ण मॅन्युअल मोड, असा सगळा थाट आहे. नव्या शिट्टीचे पोराला जसे होते तसे पहिला आठवडाभर माझे त्या पॅडलचे झाले. त्यानंतर लिव्हर जो डी वर, म्हणजे गाडीने स्वतःच गिअर बदलण्याच्या मोडवर गेला, तो आजतागायत तिथेच आहे.

माझी शंका अशी. गिअरबॉक्सचा संगणक माझ्यापेक्षा कितीतरी जलद गिअर बदलतो, इंधनाचा हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवतो आणि मी भलताच गिअर मागितला तर तो देतही नाही. एवढेच नव्हे, तर मॅन्युअल मोडमध्ये असतानाही इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा कमाल मर्यादेच्या लाल पट्ट्याला टेकला की माझी वाट न पाहता तो वरचा गिअर टाकतो, आणि गाडी थांबली की न विचारता पहिल्यावर येतो. मग या मोडला मॅन्युअल कोणत्या अर्थाने म्हणायचे? जे नियमितपणे पॅडल वापरतात त्यांनी ते नेमके कुठे वापरतात आणि त्याचा काय उपयोग होतो, हे सविस्तर लिहावे ही विनंती. ‘मजा येते’ हे उत्तरही चालेल, पण तेवढेच असू नये.

डी_मोड_झिंदाबाद

तीन वर्षांत मी पॅडल एकदाच वापरले आहे. पावसात वायपर लावायला गेलो आणि गाडी सहाव्यावरून पाचव्या गिअरमध्ये गेली. वायपर त्यानंतर लागला.

रेडलाईन

मजा येते हेच खरे उत्तर आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये काटा ६००० च्या पुढे गेल्यावर इंजिनाचा जो सूर लागतो, तो डी मोड तुम्हाला कधीच ऐकू देणार नाही, कारण २००० च्या आसपासच वरचा गिअर टाकून त्याला इंधन वाचवायचे असते. शिवाय वेगाचा मुद्दा आहेच. शर्यतीच्या गाड्यांत १९८९ पासून पॅडल आहेत, ते काय उगाच? स्वतः गिअर टाकले की गाडी जास्त जोरात पळते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

क्लचवाला

@रेडलाईन, १९८९ चा दाखला अर्धाच दिलात. त्या वर्षी फेरारीने आपल्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीत पॅडल आणली, आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल त्या गाडीतून जिंकला. पण त्या गाडीत गिअर निवडणारा माणूसच होता, संगणक केवळ त्याचा निरोप पोहोचवत होता. पुढे पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आले आणि २००४ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यांच्यावर बंदी घालावी लागली. चालकाचे कसब यंत्राने हिरावून घेऊ नये म्हणून जी बंदी घालतात, ती यंत्र हळू आहे म्हणून नक्कीच घालत नाहीत. तेव्हा पॅडल ओढल्याने गाडी जास्त पळते, हा आपल्या कानांचा अनुभव असावा, घड्याळाचा नसावा.

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर मी अजूनही तीन पेडलच्या, म्हणजे पायाने क्लच दाबायच्या गाडीचा माणूस आहे आणि माझे मत कडवट आहे. आपल्या गाडीत पॅडल ओढणे हा हुकूम नसतो, तो अर्ज असतो. तो मंजूर करायचा, नामंजूर करायचा की थोडा वेळ टेबलावर ठेवायचा, हे गिअरबॉक्स ठरवतो.

तेलकट_बोटे

गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणे हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे थोडे आतले सांगतो. ‘अर्ज’ हा शब्द अचूक आहे, पण अर्ज नामंजूर होतो तो आपल्याच भल्यासाठी. तीन पेडलच्या गाडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि व्हॉल्व्ह वाकलेले इंजिन माझ्या टेबलावर येते. पॅडलच्या गाडीत ही चूक करताच येत नाही. ‘टिंग’ असा आवाज येतो, आकडा क्षणभर लुकलुकतो आणि गाडी आहे त्याच गिअरमध्ये राहते.

आता ड्युअल क्लचविषयी. हा प्रकार २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मधून सर्वसामान्य ग्राहकांच्या रस्त्यावर आणला. याच्या एकाच पेटीत खरे तर दोन गिअरबॉक्स नांदतात, एका क्लचवर विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम. गाडी चौथ्यात वेग घेत असते तेव्हा पाचवा आधीच जोडून तयार असतो, म्हणून बदल होताना फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. आपल्याला तो जाणवतही नाही. पण ही सगळी किमया अंदाजावर उभी आहे, आणि अंदाज चुकला की पेटीची तारांबळ उडते. पाचवा तयार ठेवलेला असताना तुम्ही अचानक पाय पूर्ण दाबलात, तर पाचवा सोडून तिसरा जोडावा लागतो. सहाव्यावरून थेट चौथा हवा असेल तर पंचाईत आणखी मोठी, कारण दोन्ही सम, दोन्ही एकाच शाफ्टवर, त्यामुळे मध्ये पाचव्याचा आधार घ्यावा लागतो. डी मध्ये ओव्हरटेक करताना पाय दाबल्यावर गाडी जी एक घटका ‘थांबा, बघते’ म्हणते, ती हीच घटका.

आता तोच ओव्हरटेक पॅडलने करून पाहा. समोरून येणारी शेवटची गाडी अजून गेलेली नाही, तुम्ही ट्रकच्या मागे ८० च्या वेगाने आहात, सातव्या गिअरमध्ये काटा १६०० वर पेंगतो आहे. याच वेळी उणेचे पॅडल तीनदा ओढा. काटा २९०० च्या आसपास येईल आणि पाय आहे तिथेच असल्यामुळे गाडीचा वेग फारसा बदलणार नाही. रस्ता मोकळा होऊन तुम्ही पाय दाबाल तेव्हा गिअर शोधण्याची धावपळ आधीच उरकलेली असेल आणि टर्बोलाही फुगायला वेळ लागणार नाही. एकूण वेळ वाचला की नाही, यावर वाद घाला; पण जो वेळ लागला तो तुम्ही स्वतःच्या बाजूला असताना लागला, समोरच्या बाजूला गेल्यावर नाही.

वळणवेडी

तेलकट_बोटे यांनी सरळ रस्त्याचे सांगितले, मी वळणाचे सांगते, कारण माझ्या मते या मोडचा खरा उपयोग तिथे आहे.

घाटातले एक आवळत जाणारे वळण डोळ्यांसमोर आणा. वळणाआधी पाय पेडलवरून निघाला, गिअरबॉक्सला वाटले की बाई आता निवांत झाल्या, म्हणून त्याने वरचा गिअर टाकला. वळणाच्या मध्यावर, गाडी एका बाजूला झुकलेली असताना, मला थोडी ओढ हवी म्हणून मी हळूच पाय दिला. आधी काहीच झाले नाही. आणखी थोडा दिला. तेवढ्यात त्याला जाग आली, त्याने एकदम दोन गिअर खाली टाकले आणि पुढची चाके ओल्या डांबरावर क्षणभर घसरली. स्टिअरिंग हातात हलके झाल्याची ती जाणीव मला आजही आठवते. दोष गाडीत नव्हता. माझा पाय पाहून तिने जे ठरवले ते तिच्या परीने योग्यच होते. वळण पुढे आवळते आहे हे मला दिसत होते आणि तिला दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक.

तेव्हापासून अशा रस्त्यावर मी वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ब्रेक दाबलेला असतानाच हवा तो गिअर घेते आणि वळण संपेपर्यंत तो बदलत नाही. पूर्ण घाटात मिळून फार तर दुसरा आणि तिसरा, एवढेच दोन गिअर लागतात. पॅडल सारखी खटखटवत राहणे हा माझ्या दृष्टीने या मोडचा सर्वांत वाया गेलेला वापर आहे. गिअर बदलण्यापेक्षा न बदलण्यासाठी मी त्याचा वापर करते.

मागची_सीट

गाडी चालवणाऱ्यांची चर्चा चालू आहे, म्हणून मागे बसणाऱ्यांच्या वतीने एक निवेदन. आमच्या घरातील चालक जेव्हा त्या पॅडलना हात लावतात, तेव्हा पुढच्या दहा मिनिटांत मागे कुणाला तरी मळमळते. गिअर खाली येताना डोके पुढे, वर जाताना डोके मागे, आणि दोन्ही वेळा पुढून ‘ऐकलास आवाज?’ असा प्रश्न. वळणवेडी म्हणतात तसे दोनच गिअर पुरत असतील, तर कृपया ही माहिती रेडलाईन यांच्यासारख्या सर्व सज्जनांपर्यंत पोहोचवावी.

रेडलाईन

@मागची_सीट, पोहोचली.

तरीही एक शंका उरते. उतारावर गिअर खाली घेऊन गाडी आवरा, असा सल्ला जो तो देतो, पण ब्रेकचे पॅड घासले तर बदलता येतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना कशाला राबवायचे? स्वस्त वस्तू झिजवावी आणि महाग वस्तू जपावी, हा साधा व्यवहार नाही का?

भौतिकप्रेमी

रेडलाईन यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आकड्यांत देतो.

माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते असे समजू. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ७४ लाख जूल येतात. खाली पोहोचताना वेग तोच ठेवायचा असेल तर ही सगळी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध त्यातला काही वाटा उचलतो; उरलेली ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या चार तबकड्यांत जाते. ७४ लाख जूल म्हणजे किती, तर जवळजवळ २२ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्याइतके. एवढ्या आचेवर चार लोखंडी तबकड्या धरल्या आहेत, असे चित्र मनात आणावे.

पॅड झिजतात ही चिंता त्यापुढे किरकोळ आहे. खरी चिंता ब्रेक ऑइलची. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि पुरेसे पाणी मुरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखे लागते आणि तळाशी जाते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. अशा वेळी पॅड किती स्वस्त आहेत याचा विचार कुणाच्याही मनात येत नाही.

तेलकट_बोटे

भौतिकप्रेमी यांच्या हिशेबाला माझी जोड. इंजिनाला ‘राबवले’ असे जे वाटते, ते आवाजामुळे. उतारावर तिसऱ्यात गाडी ३५०० ने फिरत असते, पाय पेडलवर नसतो, तेव्हा आजची इंजिने इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतात. म्हणजे आत जाळ नाही, नुसती हवा ओढणे आणि बाहेर टाकणे चालू असते. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. इंधनही लागत नाही आणि इंजिनावर ताणही पूर्ण जोराने चढ चढण्याच्या मानाने नगण्य असतो. गिअर खाली येताना संगणक स्वतःच इंजिनाला हलकी उसळी देऊन दोन्हींचे फेरे जुळवतो, त्यामुळे क्लचही फारसा झिजत नाही. न्यूट्रलमध्ये उतरणारे शूर अजून भेटतात, त्यांना हे वाचायला द्या.

झीज होते ती उलट बाजूला. मॅन्युअल मोडमध्ये वरच्या गिअरमध्ये राहून, काटा १३०० वर असताना, चढावर पूर्ण पाय देणे हा खरा छळ आहे. डी मध्ये पेटी तुम्हाला असे करू देत नाही, पण मॅन्युअलमध्ये बऱ्याच गाड्या बराच वेळ ते सहन करतात. लहान टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर मोठा भार पडला की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकते आणि त्या एका धक्क्याने पिस्टनला तडा जाऊ शकतो. हा त्रास एवढा गांभीर्याने घेतला गेला की २०१८ मध्ये इंजिन ऑइलसाठी एसएन प्लस हा दर्जा मुख्यतः त्याच्यासाठी आणला गेला. आणखी एक: कोरड्या क्लचची (क्लच तेलात न बुडालेला) पेटी असेल तर चढावर पाय देऊन गाडी तोलून धरू नका, मोड कोणताही असो. त्यासाठी ब्रेक आहे.

क्लचवाला

चर्चा उपयुक्त वळणावर आली आहे, म्हणून माझी एक जुनी तक्रारही नोंदवतो. लिव्हरने गिअर बदलायचे असतील तर पुढे ढकलल्यावर गिअर वर जावा की खाली, यावर गाडी बनवणाऱ्यांचे अजून एकमत नाही. बीएमडब्ल्यू आणि माझ्दा यांच्याकडे पुढे ढकलले की गिअर खाली येतो आणि मागे ओढले की वर जातो. अनेकांकडे याच्या नेमके उलट असते. पोर्शेने १९९० च्या ९११ मध्ये टिपट्रॉनिक, म्हणजे हातानेही गिअर बदलता येणारी ऑटोमॅटिक पेटी आणली तेव्हा तीही पुढे ढकलून वर जाणारी होती; कित्येक वर्षांनी त्यांनी दिशा फिरवली.

शरीराला विचारले तर ते बीएमडब्ल्यूच्या बाजूने कौल देते. ब्रेक दाबताना आपण पुढे झुकतो, तेव्हा हात पुढे जाणे स्वाभाविक. जोर देताना पाठ सीटला टेकते, तेव्हा हात मागे येणे स्वाभाविक. मित्राची गाडी चालवताना मी एकदा वर जायच्या ऐवजी खाली आलो, आणि तेलकट_बोटे यांनी सांगितलेली ‘टिंग’ मी त्या दिवशी प्रथम ऐकली. मित्राने काही म्हटले नाही, फक्त खिडकी खाली केली.

वळणवेडी

पॅडलमध्येही असे दोन पंथ आहेत. काही गाड्यांत ती स्टिअरिंगसोबत फिरतात, काहींत खालच्या दांड्याला घट्ट असतात. निसान जीटी-आरमध्ये ती आधी दांड्याला होती आणि २०१७ च्या मॉडेलपासून स्टिअरिंगच्या चाकावर आली. नागमोडी वळणात हात ओलांडावे लागले की फिरणाऱ्या पॅडलचे डावे-उजवे शोधताना माझा गोंधळ होतो, पण वळणात गिअर बदलायचाच नाही असा माझा नियम असल्यामुळे तक्रार करत नाही.

शांत_चार्ज

विजेच्या गाडीवाल्याने या धाग्यात यावे की नाही, असा विचार करत होतो. माझ्या गाडीत गिअर बदलायचे नाहीतच, पण पॅडल आहेत. डावे ओढले की गाडी आपोआप हळू होण्याचे प्रमाण वाढते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. भौतिकप्रेमींचे ७४ लाख जूल म्हणजे साधारण दोन युनिट वीज. तुम्ही त्यात पाणी उकळता, मी त्यातला बराचसा भाग परत खिशात घालतो.

गंमत पुढे आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही गाडी आणली, तिच्यात नसलेल्या आठ गिअरचा आभास करून दिला आहे. पॅडल ओढले की खोटा धक्का बसतो, खोटा आवाज येतो, आणि गिअर बदलला नाही तर खोट्या लाल पट्ट्यावर मोटर अडखळते. रेडलाईन यांचे म्हणणे मला तेव्हा पटले. मजा हा एवढा मोठा मुद्दा आहे की ती मुद्दाम बनवून विकावी लागते.

डी_मोड_झिंदाबाद

म्हणजे ज्यांच्याकडे गिअर आहेत त्यांना ते नकोत आणि ज्यांच्याकडे नाहीत ते विकत घेत आहेत. मी डी मध्येच बरा.

वळणवेडी यांना एक प्रश्न: गाडीला पुढचे वळण दिसत नाही, हे अजून किती दिवस खरे राहणार? रोल्स-रॉइसने २०१३ च्या रेथमध्येच उपग्रहाच्या नकाशावरून पुढचा रस्ता पाहून गिअर आधीच निवडणारी पेटी दिली होती. हे सगळ्या गाड्यांत आले की आपला धागा बंद.

वळणवेडी

वळण नकाशावर असते, हे मान्य. वळणावर सांडलेली वाळू, पुढच्या ट्रकचा सुटणारा धूर आणि मला ओव्हरटेक करायचे आहे की नाही, हे नकाशावर नसते. रेथमध्ये बसायला मिळाले तर मात्र मीही डी मध्येच राहीन.

निवांतप्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढल्यानंतर मधल्या सुटीत एक मोठा उतार उतरण्याचा योग आला, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

मी मुद्दाम प्रयोग केला. पहिल्या निम्म्या उतारावर डी मध्येच राहिलो. गाडी चौथ्या-पाचव्यात घरंगळत होती आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबावा लागत होता. पुढे कुणाची तरी गाडी होती, तिचे लाल दिवे तर क्वचितच विझत होते. मध्यावर थांबून खाली उतरलो, तेव्हा पुढच्या चाकाजवळ तो ओळखीचा जळका, किंचित गोडसर वास आला आणि हात जवळ नेला तर धग लागली. पंधरा मिनिटे थांबलो. उरलेला उतार लिव्हर बाजूला सरकवून तिसऱ्यात, आणि अगदी तीव्र वळणांना दुसऱ्यात उतरलो. काटा ३००० ते ४००० च्या दरम्यान होता. सुरुवातीला आवाजाने अस्वस्थ वाटले, पण ब्रेक मोजून आठ-दहा वेळाच दाबावे लागले आणि तेही हलकेच. खाली पोहोचल्यावर पुन्हा चाकाजवळ वाकून पाहिले, वास नव्हता. मागच्या सीटवरून तक्रारही आली नाही, हे मागची_सीट यांच्या माहितीसाठी.

गावातल्या रहदारीत मी पॅडलना हात लावणार नाही, हे मात्र तसेच राहील. तिथे संगणकाला जे दिसते तेवढेच मलाही दिसते.

एक छोटी अडचण राहिली आहे. डी मध्ये असताना चुकून पॅडल ओढले गेले तर गाडी कधी पाच-सात सेकंदांत आपोआप परत येते, कधी उतारावर बराच वेळ त्याच गिअरमध्ये राहते. तिला लगेच डी वर आणायचे असेल तर काय करावे?

तेलकट_बोटे

उतारावर किंवा वळणात असताना ती मुद्दामच थांबते, तो बिघाड नाही. लगेच परत यायचे असेल तर अनेक गाड्यांत अधिकचे पॅडल एक-दोन सेकंद ओढून धरले की पुरते. काहींत लिव्हर एकदा डी वरून मागे खेचावा लागतो. गाडीसोबत आलेले पुस्तक एकदा पाहा.

डी_मोड_झिंदाबाद

आत्ताच गाडीत बसून अधिकचे पॅडल शोधले. सापडले. आधी वायपर लागला.